दराच्या टेबलावर आपली खुर्ची हवी

आज महागाई भत्त्यावर बोलायचे नाही, दवाखान्यावर बोलायचे आहे. आजार नोटीस देऊन येत नाही. रात्री छातीत दुखू लागलेल्या ट्रॅकमनला घेऊन आपण पॅनेलवरच्या खासगी रुग्णालयात धावतो आणि काउंटरवर ऐकतो, "कार्ड चालणार नाही, आधी अनामत भरा." असे का होते, ते आज समजून घेऊ.

केंद्र सरकारची आरोग्य योजना, म्हणजे सीजीएचएस, १९५४ साली दिल्लीत सुरू झाली. खासगी रुग्णालयांना किती पैसे द्यायचे, याचे तिचे दरपत्रक असते. रेल्वेचे पॅनेल बहुतांशी त्याच दरांवर चालते. जिथे सीजीएचएस नाही तिथल्या पोस्टमनला १९४४ च्या वैद्यकीय नियमांखाली जी भरपाई मिळते, तिचे मापही हेच. म्हणजे या दरपत्रकाशी आपला रोजचा संबंध आहे.

बरेचसे दर २०१४ पासून तसेच पडून होते. रुग्णालय मालकांच्या संघटना वर्षानुवर्षे दिल्लीचे उंबरठे झिजवत राहिल्या. दर जुने, बिले थकलेली, ही त्यांची तक्रार. ती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. अखेर १३ ऑक्टोबर २०२५ पासून सुमारे २००० उपचारांचे नवे दर लागू झाले. संघटित पाठपुरावा काय करू शकतो, ते यावरून दिसते.

पण नाण्याची दुसरी बाजू पाहा. २०१० साली संसदेने क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा केला. त्याखालच्या २०१२ च्या नियम ९ प्रमाणे रुग्णालयाने दर ठळकपणे लावायचे आणि केंद्राने राज्यांशी सल्लामसलत करून ठरवलेल्या मर्यादेतच पैसे घ्यायचे. ही मर्यादा वर्षे लोटली तरी ठरली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला खडसावले: तोडगा काढा, नाहीतर तूर्त सीजीएचएसचेच दर सर्वांना लावण्याचा विचार करू. लगेच खासगी क्षेत्रातून विरोधाचा सूर उमटला. आपल्या महाराष्ट्राने तर हा कायदा स्वीकारलेलाच नाही. इथे १९४९ चा नर्सिंग होम कायदा चालतो.

सरकारी पैसा वाढवून हवा, सरकारी नियम मात्र नको, हा व्यवहार एकतर्फी आहे. मालक आपल्या हिताचे बोलणारच. प्रश्न असा, की त्या टेबलावर रुग्णाच्या बाजूने कोण बसते?

आणि ज्यांचा या दरपत्रकाशी संबंधच येऊ दिलेला नाही, त्यांचे काय? उन्हापावसात टपाल पोचवणारा ग्रामीण डाक सेवक सीजीएचएसच्या बाहेर आहे. ज्या निवृत्तांना बाह्यरुग्ण सोय मिळत नाही, त्यांच्यासाठी जुलै २०१७ पासून महिना १००० रुपये भत्ता ठरला. त्यात रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या तरी महिनाभर पुरतात का?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. दर वाढले, आता कार्ड नाकारणाऱ्या रुग्णालयावर कारवाई करा. बिले मुदतीत चुकती करा, म्हणजे त्यांना सबब उरणार नाही. नियम ९ अमलात आणा. डाक सेवकांना वैद्यकीय संरक्षण द्या. रेल्वेच्या स्वतःच्या रुग्णालयांतील रिक्त पदे भरा. आपले रुग्णालय भक्कम असेल तर दुसऱ्याच्या काउंटरवर हात पसरावे लागणार नाहीत. आणि दर ठरवताना कामगार संघटनांना बोलवा.

साथींनो, कार्ड नाकारले तर घरी येऊन चडफडू नका. तारीख, वेळ, मागितलेली रक्कम लिहून शाखेकडे द्या. अशा शंभर नोंदी हाती असतील, तर दिल्लीत आपलेही ऐकावे लागेल.

कामगार एकजुटीचा विजय असो!