कामगाराचे ज्ञान आणि कारखान्याचे विष

(बोरी अरब येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



उद्योगधंद्यांच्या प्रदूषणाची चर्चा बहुधा यंत्रे, परवाने आणि दंड यांपाशीच घुटमळते. ज्याचे हात त्या यंत्रावर असतात त्या कामगाराला काय ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेले बोलून दाखविण्याची त्याला मुभा आहे काय, हे क्वचितच विचारले जाते. वस्तुतः तोच प्रश्न निर्णायक आहे.

भोपाळ पाहा. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील गळतीची पहिली चाहूल लागली ती कामगारांच्या चुरचुरणाऱ्या डोळ्यांना. चहा झाल्यावर पाहू, असे ठरले! हा त्या रात्रीचा प्रमाद खरा. परंतु त्याची पूर्वतयारी व्यवस्थापनाने आधीच करून ठेवली होती. काटकसरीपायी त्या विभागातील पाळीची माणसे 12 वरून 6 वर आणली गेली, प्रशिक्षणाचा काळ छाटला गेला, विषारी द्रव थंड ठेवणारे शीतयंत्र बंद केले गेले. 1982 सालीच कामगार संघटनेने धोक्याचा इशारा देणारी भित्तिपत्रके लावली होती. ज्ञान कारखान्यात होते. त्याला तेथे किंमत नव्हती.

उपयुक्त ज्ञान समाजात विखुरलेले असते, वरिष्ठ नियोजकाच्या मेजावर ते कधीच एकवटत नाही, असा युक्तिवाद हायेक यांनी 1945 साली नियोजनाविरुद्ध केला. बाजारपेठेचे भक्त तो आजही उगाळतात. कारखान्याच्या फाटकाच्या आत मात्र त्यांना हुकूमशाही चालते!

भोपाळनंतर, 1987 साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याची माहिती कामगारांना देणे मालकावर बंधनकारक ठरले, धोकादायक प्रक्रियेच्या प्रत्येक कारखान्यात कामगार प्रतिनिधींसह सुरक्षा समिती आली, आसन्न धोक्याची सूचना देण्याचा हक्कही कामगाराला मिळाला. 2020 ची संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि तीत अशी समिती नेमणे शासनाच्या आदेशावर सोपविले गेले. हा बदल किरकोळ समजू नये.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. 2017 च्या खरिपात कापसावर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती. फवारा तोंडावर येत होता. हे फवारणाऱ्याला दिसत होते. डब्यात कोणते रसायन आहे, दोन औषधे एकत्र केल्यास काय होते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तो कंपनीचा नोकर नव्हे, म्हणून कंपनीच्या पर्यावरण अहवालात त्याला जागा नाही. 2020 साली एका बचावलेल्या शेतकऱ्याने आणि दोन विधवांनी दाद मागितली ती थेट स्वित्झर्लंडमध्ये.

एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. कारखाना बंद पडेल या भीतीने आपल्याच काही संघटनांनी नाल्यात सोडलेल्या सांडपाण्याकडे डोळेझाक केली आहे. रोजगाराची हमी नसेल तर कामगार सत्य बोलणार नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे हा दांभिकपणा ठरेल. म्हणून तक्रार करणाऱ्यास नोकरीचे संरक्षण ही मागणी वेतनवाढीच्या बरोबरीने मांडावी लागेल. समितीवरील प्रतिनिधी मालकाने नेमलेला नव्हे, कामगारांनी निवडलेला हवा. आणि पुढचा खरीप उभा राहण्यापूर्वी प्रत्येक गावातील फवारणी मजुरांची बैठक घेऊन, त्यांच्या हाती येणाऱ्या डब्यावरील मजकूर मराठीतून मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम येथे बसलेल्या कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे.