सरकत्या खिडकीची चौकट

(सुरत येथील मराठी भाषिक कारागीर, शिक्षक व कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तापी नदी खानदेशातून वाहत येऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्याच खोऱ्यातून जळगाव-उधना लोहमार्ग आला आहे आणि त्या मार्गाने गेली कित्येक दशके जळगाव, धुळे, नंदुरबारकडील माणसे पोटापाण्यासाठी या शहरात येत राहिली आहेत. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत मराठी कानावर पडल्यावाचून राहत नाही. ही मंडळी बहुतेक यंत्रमागावर कामाला लागली. त्यांच्यापैकी काही जण आज ॲल्युमिनियमच्या खिडक्या तयार करणाऱ्या दुकानांत कटाईचे आणि जोडणीचे काम करतात. सुटीत गावी गेले, की शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीला कोणत्या खिडक्या बसवाव्यात, हा सल्लाही त्यांनाच विचारला जातो. तो सल्ला बहुधा किमतीविषयी असतो. चौकट टिकेल की नाही, हा प्रश्न पहिल्या वादळापर्यंत कोणी विचारीत नाही.

जुन्या सुरतेतील घरे लाकडाची होती. डांगचे सागवान हाताशी असल्यामुळे खांब, तुळया, दारे, खिडक्या सारेच सागाचे असे. १८३७ च्या एप्रिलमध्ये लागलेल्या आगीत या शहरातील नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली आणि त्याच वर्षी तापीच्या पुराने उरलेल्या वस्तीची दैना केली. इतके होऊनही लाकडी खिडकी गेली नाही. ती गेली पुढे सागाचे भाव वाढल्यावर! तिच्या जागी सरकारी कचेऱ्या, शाळा आणि दवाखाने यांना लोखंडी झेड सेक्शनच्या, बिजागरीवर उघडणाऱ्या खिडक्या आल्या. त्या दणकट होत्या यात शंका नाही, पण दरवर्षी रंग लागला नाही तर बिजागरीपाशी गंज धरून त्या घट्ट बसत. जिची एक तरी खिडकी कायमची मिटलेली नाही, अशी जुनी शाळा शोधूनच काढावी लागेल.

ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची विद्युत-पद्धती अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी १८८६ साली स्वतंत्रपणे शोधली. ॲल्युमिनियमची दारे-खिडक्या कशी असावीत याचे भारतीय मानक, आयएस १९४८, हे १९६१ चे आहे. रेणुकूटचा कारखाना १९६२ मध्ये सुरू झाला. खिडकीसाठी सामान्यतः ६०६३ क्रमांकाचा, थोडे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असलेला मिश्रधातू वापरतात. तापवलेला गट्टू साच्याच्या भोकातून प्रचंड दाबाने रेटला, की शेवया पडाव्यात तसे हव्या त्या आकाराचे लांब सेक्शन बाहेर पडतात. रूळ, खाच, पन्हळ असे पोटातले सारे आकार त्यात एकाच वेळी उतरतात, म्हणूनच सरकत्या खिडकीला हा धातू सोयीचा ठरला.

परंतु येथेच एक गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश असते, आणि ताठपणाही सुमारे एकतृतीयांशच असतो. लोखंडी खिडकीच्या मापाचे सेक्शन ॲल्युमिनियममध्ये घेतले तर ते तितक्याच भाराखाली तिप्पट वाकेल. ही उणीव धातूचे वजन वाढवून भरून काढता येते, पण ते खर्चाचे होईल. खरा उपाय आकारात आहे.

शाळेतील फूटपट्टी घेऊन हा प्रयोग कोणत्याही वर्गात करता येईल. तीन मिलिमीटर जाड आणि तीस मिलिमीटर रुंद पट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मध्ये बोटाने दाबली तर ती सहज लवते. तीच पट्टी कडेवर उभी धरून दाबली तर जवळजवळ हलत नाही. लाकूड तेवढेच, वजन तेवढेच. ताठपणा मात्र शंभरपट झाला, कारण जाडीच्या दिशेचे माप दहापट झाले आणि तेवढ्याच लाकडात ताठपणा त्या मापाच्या वर्गाने वाढतो. चौकटीचे सेक्शन पाहताना समोरून दिसणारी रुंदी पाहण्याचा मोह सर्वांना होतो. वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेची, म्हणजे भिंतीत आत-बाहेर जाणारी खोली किती आहे, हे पाहावयाचे असते.

आता वाऱ्याचा विचार. इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठी आयएस ८७५ या मानकाचा तिसरा भाग आहे. त्यात सुरतेसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. मुंबई आणि नागपूर यांनाही तोच आकडा आहे; पुणे आणि नाशिक यांना ३९. हा रोजचा वारा नव्हे. पन्नास वर्षांत एकदा अपेक्षित असलेला तीन सेकंदांचा झोत आहे. वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले, की दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. ४४ च्या वेगाला हा दाब सुमारे ११६० न्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरला ११८ किलो वजनाइतका येतो. चार फूट लांब-रुंद, म्हणजे सुमारे १२० सेंटिमीटरच्या खिडकीवर एकूण १७० किलो पडले. सिमेंटच्या जवळजवळ साडेतीन गोण्या कोणीतरी काचेवर टेकवून ठेवाव्यात, तसे हे झाले. इमारतीची उंची, आसपासची घरे आणि खिडकीची जागा यांप्रमाणे हा आकडा कमीजास्त होतो. इमारतीच्या कोपऱ्याजवळ तर वारा खिडकी आत ढकलण्याऐवजी बाहेर ओढतो.

शिक्षकांनी आणखी एका आकड्याची नोंद घ्यावी. २०१५ मध्ये सुधारलेल्या या मानकाप्रमाणे गुजरातच्या किनाऱ्यालगत साठ किलोमीटरच्या पट्ट्यात ज्या इमारती वादळानंतर लोकांच्या उपयोगी पडावयाच्या, म्हणजे शाळा, रुग्णालये आणि निवारे, त्यांच्यासाठी वेग १.३० ने गुणावयाचा असतो. सुरत या पट्ट्यात येते. वेग १.३० पट म्हणजे दाब १.६९ पट, ११८ चे २०० किलो झाले. घराच्या खिडकीवर साडेतीन गोण्या, तर त्याच मापाच्या शाळेच्या खिडकीवर पावणेसहा. असे असता पुष्कळदा घराला चांगले सेक्शन आणि शाळेला स्वस्तातले, असा उलटा व्यवहार दृष्टीस पडतो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि मे २०२१ मध्ये तौक्ते महाराष्ट्राच्या किनाऱ्याजवळून जाऊन सौराष्ट्रात शिरले, हे ध्यानात घेता ही तरतूद कागदावरची म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

हा भार झेलतो कोण? दोन झडपांच्या खिडकीत मधोमध, जेथे एक झडप दुसरीत अडकते, तेथील उभे सेक्शन. त्याला दुकानात इंटरलॉक म्हणतात. खिडकीवरील निम्मा भार या एका रेषेवर येतो. सर्वसाधारण संकेत असा, की भार आल्यावर या उभ्या सेक्शनचा लवा त्याच्या लांबीच्या १७५ व्या भागापेक्षा अधिक नसावा. चार फुटांना तो सात मिलिमीटर होतो. आता घरमालकांना जमिनीपासून छतापर्यंत काच हवी असते. चार फुटांसाठी योग्य असलेले तेच सेक्शन सहा फूट उंचीला लावले, तर खिडकीची रुंदी न बदलताही लवा पाचपट होतो, कारण तो उंचीच्या चौथ्या घाताने वाढतो. उंची दीडपट झाली म्हणून सेक्शनही दीडपट घेऊ, हा हिशेब बरोबर वाटतो आणि सपशेल चुकतो. उंच खिडकीला खोल इंटरलॉक, नाहीतर मध्ये आडवी पट्टी घालून वरचा भाग स्थिर ठेवणे, यांवाचून गत्यंतर नाही.

पाण्याची गोष्ट वाऱ्याशीच जोडलेली आहे. दर चौरस मीटरला एक किलो दाब म्हणजे बरोबर एक मिलिमीटर उंचीचे पाणी. ताशी ७२ किलोमीटर वाऱ्याचा दाब सुमारे २५ किलो असतो, म्हणजे तो रुळातील पाणी एक इंच वर उचलून धरतो. खालच्या रुळाची आतील कड एका इंचाहून कमी असेल, तर रबर कितीही चांगले असो, आषाढातल्या पावसात पाणी खोलीत येणारच. म्हणून आतील कड उंच हवी, रूळ बाहेरच्या अंगाला किंचित उतरता हवा आणि बाहेरच्या कडेला पाणी जाण्याची भोके हवीत. ही भोके खिडकी बसवताना सिलिकॉनने बुजवली जातात आणि मग गळती होते म्हणून आणखी सिलिकॉन भरले जाते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

चौकट कितीही ताठ असली तरी भिंतीला धरून नसेल तर व्यर्थ. कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर पहिला स्क्रू आणि पुढे दोन फुटांच्या आत दुसरा, असा नेम ठेवावा. स्क्रू विटांच्या सांध्यात किंवा नुसत्या गिलाव्यात बसता कामा नये. साध्या लोखंडी स्क्रूऐवजी स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, कारण डुमस-हजीराकडील खाऱ्या हवेत लोखंड आणि ॲल्युमिनियम एकत्र आले, की त्या सांध्यावर क्षार साचून धातू झिजतो. ओले सिमेंटही ॲल्युमिनियमला खाते. गिलावा पुरा होईपर्यंत चौकटीवरील चिकटपट्टी काढू नये. समुद्राजवळ अॅनोडायझिंग करावयाचे तर ते २५ मायक्रॉनचे मागावे. शिवाय उन्हाने हा धातू पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. दोन मीटरची पट्टी तीस अंशांच्या फरकाने सुमारे दीड मिलिमीटर वाढते. चौकट भिंतीत ठोकून घट्ट बसवली, तर ती उन्हाळ्यात फुगते आणि झडप अडकू लागते. चारी बाजूंनी थोडी फट ठेवून ती लवचिक पदार्थाने भरावी.

सरकती झडप वरच्या खाचेत उचलून मगच खालच्या रुळावर बसवतात. बसवता येते तशी ती निघतेही. काच पुसताना झडप उचलली गेली आणि वरच्या मजल्यावरून खाली गेली, तर काय होईल हे सांगावयास नको. वरच्या खाचेत एक छोटा ठोकळा बसवला, की झडप उचलली जात नाही. हा ठोकळा फार स्वस्त असतो आणि बहुधा तोच विसरला जातो.

दर ठरवताना चौरस फुटाचा भाव विचारण्याची रीत आहे. त्या भावात बसवण्यासाठी धातूची जाडी एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी केली जाते आणि बाहेरून ते दिसत नाही. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने मागणीपत्रात सेक्शनची खोली, धातूची जाडी, मिश्रधातूचा क्रमांक आणि स्क्रूचा प्रकार लिहावा. माल आल्यावर कापलेल्या तोंडाशी व्हर्निअर लावून जाडी मोजावी. दोन्ही कर्ण फीत लावून पाहावेत. ते सारखे नसतील तर चौकट तिरकी आहे, आणि तिरकी चौकट रोलर वर्षभरातच खाऊन टाकते.

आता ज्या गोष्टीमुळे हा विषय सुरतेत बोलावयास विशेष महत्त्व आहे, ती. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग चालू होते. जिना आगीने आणि धुराने बंद झाला. मुलांनी वरून उड्या टाकल्या. बावीस विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि खिडकीची चौकट त्यांत नव्हती. पण जिना नसेल तेव्हा माणूस खिडकीकडेच धावतो, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

दोन झडपांची सरकती खिडकी कधीही निम्म्याहून अधिक उघडत नाही. चार फुटांची खिडकी म्हणजे बाहेर पडावयास जेमतेम पावणेदोन फुटांची वाट. तीतही झडपेची पट्टी आड येते. तीन रुळांवर काचेच्या तीन झडपा घेतल्या तर दोनतृतीयांश भाग मोकळा होतो. त्यातच बाहेरून चोराच्या भयाने पक्की जाळी बसवली, तर खिडकी उघडूनही उपयोग नाही. ॲल्युमिनियम पेट घेत नाही, परंतु ६६० अंशांना वितळते आणि त्याच्या कितीतरी आधीच त्याची ताकद ओसरू लागते. तेव्हा आगीत चौकट टिकून राहील, या भरवशावर राहू नये. वर्गाच्या, वसतिगृहाच्या आणि शिकवणीच्या प्रत्येक खोलीतील निदान एक खिडकी बिजागरीवर पूर्ण उघडणारी असावी आणि तिच्या बाहेरील जाळीलाही बिजागरी असावी, कुलूप आतून असावे.

त्या कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात नव्हे, तर खिडकीच्याच शेजारी, मुलांचा हात पोचेल अशा खुंटीला टांगलेली असावी. आठवड्यातून एक दिवस, शनिवारी सकाळी शाळा सुटण्यापूर्वी, वर्गातल्या कोणत्याही एका विद्यार्थ्याने ती लावून जाळी उघडून दाखवावी. त्याच वेळी रुळातील पाण्याची भोके तारेने मोकळी करून घेता येतील.