पाते एका गावचे, मूठ दुसऱ्या गावची



युरोपातील घोडेस्वाराची वक्र, एकधारी तलवार, म्हणजे सेबर, पाहिली की आपण विचारतो, ही कुठली? आमचे म्हणणे असे की, या प्रश्नाला बहुधा एक उत्तर नसतेच. जर्मनीतील झोलिंगेन हे गाव शतकानुशतके पाती घडवून परदेशी विकीत आले. व्यापारी ती देशोदेशी नेत आणि तेथला कारागीर आपल्या चालीची मूठ त्यांवर बसवी. आपल्याकडील ‘फिरंग’ ही अशाच परदेशी पात्याची तलवार. गंमत अशी की, हंगेरीकडील काही सेबरांवरही ‘फ्रिंगिया’ अशी अक्षरे आढळतात!

मग पात्यावरचे नाव वाचले की झाले, असे कोणी म्हणेल. घात तेथेच आहे. धावता लांडगा ही पासाऊच्या लोहारांची खूण. तिचा लौकिक झाला तशी झोलिंगेनकरांनी ती खुशाल उचलली. आंद्रेआ फेरारा हा सोळाव्या शतकातील इटालियन कारागीर. स्कॉटलंडमधील तलवारींवर त्याचे नाव इतके आढळते की, तेवढी पाती घडवावयास त्याला दहा जन्म पुरले नसते! त्यांतली पुष्कळशी झोलिंगेनचीच. पोलंडच्या स्तेफान बातोरी राजाने १५७६ ते १५८६ राज्य केले. त्याच्या नावाची सेबरे मात्र तो गेल्यावरही कितीतरी काळ होतच राहिली.

म्हणून आम्ही आधी सांधा पाहतो. पात्याची पन्हळ मुठीखाली अवचित लुप्त होते काय? खाचेतली फट पाचर मारून बुजवली आहे काय? पाते घासून अरुंद झालेले आणि मूठ मात्र कोरी, असे तर नाही? मुठीत शिरलेले पात्याचे शेपूट आता क्ष-किरणांनी दिसते. त्याला जादा भोक किंवा जोड सापडला, तर मूठ बदलल्याचा संशय बळावतो.

काही हौशी मंडळी अशा तलवारीला भेसळीची ठरवून तिची जुनी मूठ उपटतात आणि पात्याला ‘शोभेल’ अशी दुसरी चढवतात. आम्हांस याची मनस्वी चीड येते. ती मूठ ज्याने बसवून घेतली, त्याने तीच तलवार कमरेला लावली होती. तिची निशाणीच मग पुसली जाते. संग्रहालयातील चिठ्ठीवर दोन ओळी लिहाव्यात: पाते झोलिंगेनचे, मूठ पोलंडची. राजाचे नाव हवेच असेल, तर ते अवतरणचिन्हांत द्यावे.