घरचा डॉक्टर कसा घडतो?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणी कामगार. डॉक्टरकीवर बोलायला हा कशाला उभा राहिला, असे कुणाला वाटेल. पण दवाखान्याच्या बाकावर आपल्याइतके कोण बसते? म्हणून आपणच बोलले पाहिजे.

आपल्या वस्तीत घरोघरी काय चित्र आहे? आजीला साखर आणि बी.पी., बापाला खोकला, सुनेच्या अंगात रक्त कमी, नातवाला जुलाब. चौघांचे चार डॉक्टर. एकाचा कागद दुसऱ्याला माहीत नाही. एकच औषध दोन नावांनी पोटात जाते. पैसा जातो, खाडा पडतो, रोग तिथल्या तिथेच.

गिरणीचेच उदाहरण घ्या. कार्डिंग खात्यात कापसाची धूळ छातीत जाते. सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढे आठवडाभर सुरुवातीला जरा बरे वाटते. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. नुसती छाती तपासली तर डॉक्टर दमा म्हणून मोकळा होईल. "दादा, काम काय करता? त्रास कोणत्या वारी होतो?" एवढे विचारले तर रोगाचे मूळ सापडते. रामाझ्झिनी नावाच्या इटलीतल्या डॉक्टरने १७०० साली ग्रंथ लिहून सांगितले, की रोग्याला त्याचा धंदा विचारा. तीनशे वर्षे होऊन गेली!

हे विचारणे आपोआप येत नाही, शिकवावे लागते. ते शिकवणारे शास्त्र म्हणजे फॅमिली मेडिसिन. एम.बी.बी.एस. झाल्यावर तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून राबायचे. मेडिसिन, बालरोग, बाळंतपण, शस्त्रक्रिया, सगळीकडे हात फिरवायचा. हा काही कमी शिकलेला डॉक्टर नव्हे. कोणता रोग आपण सांभाळायचा, कोणता ताबडतोब पुढे पाठवायचा, यातला तो तज्ज्ञ.

१९४६ साली भोर समितीने समाजाचे भान असलेला डॉक्टर मागितला. २००२ च्या आरोग्य धोरणात फॅमिली मेडिसिनचे नाव आले. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात या पदव्युत्तर शिक्षणाला चालना द्या, असे लिहिले आहे. कागद झाले. वस्तीत डॉक्टर कुठे आहे?

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात आपले अंबरनाथ आहे. आनंदच आहे. पण तिथे शिकलेला प्रत्येक जण मोठा स्पेशालिस्ट होऊन मुंबईला गेला, तर आपल्या हाती काय? म्हणून आपली मागणी अशी पाहिजे, की तिथे पदव्युत्तर वर्ग निघतील तेव्हा फॅमिली मेडिसिनचाही निघावा. त्या निवासी डॉक्टरांनी उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात शिकावे, बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयातही शिकावे आणि आठवड्यातून एक दिवस वस्तीत यावे.

आपलेही काम आहे. घरातल्या प्रत्येकाचे कागद एका पिशवीत ठेवा. दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या. "हा शिकाऊ आहे, मोठ्या डॉक्टरला बोलवा" म्हणून पोराला हाकलू नका. त्याच्या डोक्यावर वरिष्ठ असतात, आणि तो शिकणार तो आपल्यातच. आपली मुले-मुली आता डॉक्टर होत आहेत. त्यांना सांगा, वस्तीचा डॉक्टर होणे यात कमीपणा नाही.

विहार कमिटीला माझी विनंती आहे. उद्या असे डॉक्टर आले तर या सभागृहात त्यांना एक टेबल आणि दोन खुर्च्या द्या. तोपर्यंत मागणीच्या अर्जावर आजच सह्या करू या.

जयभीम! नमो बुद्धाय!