रोजच्या पैशांचं खातं



आमच्या लहानपणी भिंगारमध्ये बँकेत खातं असायचं ते लष्करात किंवा लष्कराच्या एखाद्या कचेरीत नोकरी करणाऱ्याचं. बाकीच्यांचा पैसा तांदळाच्या डब्यात, नाहीतर गल्लीतल्या भिशीत. आज त्याच भिंगारमध्ये कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपयेसुद्धा भाजीवाला मोबाईलवर घेतो. त्यामुळे खातं आहे का, हा प्रश्न आता उरलेला नाही. कोणतं खातं, हा आहे.

माझ्या थोरल्या आपाला हा प्रश्न पडला. तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, "अम्मी, रांगेत कशाला उभी राहतेस? ऑनलाइन खातं उघड, घरबसल्या दहा मिनिटांत होतं." आपा म्हणाली, "ज्या बँकेला दार नाही, तिच्याशी भांडायचं झालं तर मी जायचं कुठं?" मायलेकांचं एकमत होईना, तेव्हा चौकशीचं काम माझ्यावर आलं. कवीला हिशेबातलं काय कळतं, असं दोघांनीही म्हणून घेतलं, ते वेगळं.

सुरुवातीलाच शब्दांचा घोळ. परदेशात रोजच्या वापराच्या खात्याला 'करंट अकाउंट' म्हणतात, आणि भाचा इंटरनेटवर तेच वाचून आलेला. आपल्याकडे करंट म्हणजे चालू खातं. ते व्यापाऱ्याचं. दिवसातून कितीही उलाढाल करा, पण व्याज नाही, आणि किमान शिल्लक बरीच ठेवावी लागते. दुकान नसलेल्या माणसाला त्याची गरज नाही. एक अपवाद मात्र मी पाहिलेला आहे. आमच्यातली काही जुनी माणसं व्याज नको म्हणून मुद्दाम चालू खातं ठेवत. श्रद्धेचा भाग आहे, त्यावर वाद नाही. पण त्या खात्याचे आकार ऐकून अनेकांनी दुसरी वाट धरली. बचत खातं ठेवायचं, व्याजाची रक्कम बाजूला काढायची आणि पुण्याची अपेक्षा न धरता गरजूला देऊन टाकायची. आपाही तेच करते.

म्हणजे आपल्यासारख्यांचं रोजचं खातं हे बचत खातंच. पूर्वी त्यात निवड करण्यासारखं काही नव्हतं. व्याजदर रिझर्व्ह बँक ठरवायची, सगळीकडे सारखा. महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर व्याज मिळे. त्यामुळे जाणती माणसं 10 तारखेच्या आत भरणा करायला धावत. 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजू लागले, आणि ऑक्टोबर 2011 मध्ये दर ठरवण्याची मोकळीक बँकांना मिळाली. तेव्हापासून जाहिराती सुरू झाल्या. आमच्याकडे एक टक्का जास्त, दीड टक्का जास्त! मी आपाला कागदावर मांडून दाखवलं. खात्यात सरासरी वीस हजार राहत असतील, तर एक टक्का म्हणजे वर्षाला दोनशे रुपये. किमान शिल्लक मोडली म्हणून दोनदा दंड बसला, तर ते गेले. तेव्हा व्याजाचा आकडा शेवटी वाचावा, दंडाचा आधी.

दंड टाळायचा साधा मार्ग आहे, पण तो बँकेत कुणी आपणहून सांगत नाही. 'मूलभूत बचत ठेव खातं' नावाचा प्रकार रिझर्व्ह बँकेने 2012 मध्ये सगळ्या बँकांना लागू केला. किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्यात किमान चार वेळा पैसे विनाशुल्क काढता येतात. 2014 पासूनची जनधन खाती याच जातीची. अट एवढीच, की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. काही बँकांनी साध्या बचत खात्यावरचा दंडही काढून टाकला आहे. स्टेट बँकेने तो 2020 मध्ये काढला.

आता सुरक्षिततेचं. हा विषय आपल्या जिल्ह्याला शिकवावा लागत नाही. शंभरी ओलांडलेली नगर अर्बन बँक. तिच्यावर 6 डिसेंबर 2021 रोजी रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि खातेदाराला फक्त दहा हजार रुपये काढता येतील असं ठरलं. 4 ऑक्टोबर 2023 रोजी तिचा परवानाच रद्द झाला. त्या बँकेला दार होतं, पाटी होती, काउंटरवर ओळखीची माणसं होती. दार असलं म्हणजे पैसा सुरक्षित, हे आपाचं गणित तिथं अडलं. पण भाच्याचंही खरं नव्हतं. पेटीएम पेमेंट्स बँक पूर्ण मोबाईलवरची. 2024 च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेचा आदेश आला आणि 15 मार्चनंतर तिच्या खात्यात नवे पैसे भरणं बंद झालं. ज्यांचा पगार तिथं जमा होत होता, त्यांची पळापळ झाली.

म्हणून दाराकडे पाहू नका, ॲपकडेही पाहू नका. ठेव विम्याकडे पाहा. एका बँकेत एका माणसाच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी मिळून पाच लाखांपर्यंत विमा असतो, मुद्दल आणि व्याज धरून. फेब्रुवारी 2020 पर्यंत हीच मर्यादा एक लाख होती. 2021 च्या दुरुस्तीमुळे बँकेवर निर्बंध आल्यापासून 90 दिवसांत ही रक्कम देण्याची तरतूद झाली. सहकारी बँकांनाही हा विमा आहे. पतसंस्थांना नाही! आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था, आणि त्यांच्या पाट्या बँकेपेक्षा मोठ्या. तिथं पैसा ठेवू नका असं मी म्हणत नाही, पण हा फरक ठाऊक असावा. ॲपवाल्या कंपन्यांचंही तसंच. पुष्कळदा ती कंपनी बँक नसतेच, आपलं खातं मागच्या बाजूला कुठल्या तरी परवानाधारक बँकेत असतं. ती बँक कोणती, हे आधी विचारावं. बँकांच्या संकेतस्थळांसाठी आता 'डॉट बँक डॉट इन' हा शेवट ठरवून दिला आहे, तोही पाहून घ्यावा.

फसवणुकीचं काय, हे आपाने तीनदा विचारलं. तिच्या ओळखीच्या एका बाईला फोन आला होता, केवायसी संपली म्हणून. बाईंनी आकडा सांगितला आणि पेन्शनचं खातं रिकामं झालं. आपण स्वतः ओटीपी दिला, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच असतं. आपली चूक नसताना, बँकेच्या बाहेरच्या कुणामुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर जबाबदारी आपल्यावर येत नाही, असा 2017 चा नियम आहे. पैसे गेल्याचं कळताच बँकेला सांगायचं आणि 1930 हा क्रमांक लावायचा. त्यात संध्याकाळ, सुट्टी असं काही पाहायचं नाही.

हे सगळं ऐकून आपाने जे ठरवलं ते मला पटलं. पेन्शनचं खातं जुन्याच बँकेत, जुन्याच शाखेत. ते मोबाईलला जोडायचं नाही. रोजच्या खर्चासाठी दुसरं, छोटं खातं पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत. तिथं दोन लाखांपेक्षा जास्त ठेवताच येत नाहीत, आणि आपाला नेमकं ते आवडलं. मोबाईलवरून पैसे देता येतात, म्हणून भाचा खूश. पोस्टाच्या खिडकीवर विचारायला जाता येतं, म्हणून आई खूश. दर महिन्याला ती पेन्शनमधून चार हजार काढते आणि इकडे भरते. कुणी लुबाडलंच, तर त्या महिन्याचा बाजार जाईल, म्हातारपण जाणार नाही.

राहिला वारसनोंदीचा रकाना. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या ठेवीला चार नावं लावता येतात, प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहून. नामनिर्देशित माणूस मालक होत नाही. तो पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचाच राहतो, हे मी तिला सांगितलं. तिने पेन्शनच्या शाखेतला जुना अर्ज बदलून घेतला. मुलाचं नाव होतंच, दोन्ही मुलींची घातली. टक्के लिहिताना मात्र मला बाहेर बाकावर बसायला सांगितलं.