निवडून दळलेले पीठ



पिठाची पुडी विकत आणणे ही एक रीत, आणि धान्य आणून, निवडून, गिरणीतून दळून आणणे ही दुसरी. पहिलीत श्रम वाचतात. दुसरीत आपण काय खातो ते आपणांस ठाऊक असते. संगणकाच्या जगातही ह्या दोन्ही रीती चालत आल्या आहेत. लिनक्ससारख्या प्रणालीवर एखादी लायब्ररी तयार स्वरूपात मिळते, तशीच तिच्या सोर्स कोडपासून, म्हणजे मूळ संहितेपासून, आपल्या हाताने बांधताही येते. ही दुसरी रीत कशी चालते, आणि तिच्यात विश्वासाचा प्रश्न कोठे दडलेला असतो, ह्याचा विचार आज आपण करू.

येथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे ग्रंथालय नव्हे. अनेक प्रोग्रॅमांना वारंवार लागणाऱ्या कृती एकत्र रचून ठेवलेला तो संग्रह होय. फाइल आवळून लहान करण्याची कृती प्रत्येकाने नव्याने लिहीत बसण्यापेक्षा ती एकदाच नीट लिहावी आणि सर्वांनी वापरावी, हा त्यामागील हेतू. एक्सझेड युटिल्स ह्या संचातील लिबएलझेडएमए नावाची लायब्ररी नेमके हेच काम करते. आपल्या विवेचनासाठी तिचेच उदाहरण घेऊ.

पहिली पायरी म्हणजे मूळ संहितेची गठडी उतरवून घेणे व ती तपासणे. गठडीबरोबर बहुधा एक पडताळा-अंक मिळतो. शा-256 पद्धतीचा हा अंक चौसष्ट चिन्हांचा असतो आणि गठडीतील एक अक्षर जरी बदलले तरी तो पार बदलून जातो. शिवाय कर्त्याची अंकीय स्वाक्षरीही असते. दोन्ही जुळल्यावाचून पुढे जाऊ नये. मग गठडी सोडून आतील 'रीडमी' व 'इन्स्टॉल' ही टिपणे शांतपणे वाचावीत. पुष्कळांच्या अडचणी ती न वाचल्यानेच उत्पन्न होतात.

दुसरी पायरी 'कॉन्फिगर'ची. ही आज्ञा दिली की एक लिपी आपल्या यंत्राची कसून चौकशी करते. कंपायलर कोणता, पूर्णांकाला किती जागा लागते, अमुक सुविधा आहे की नाही, असे शेकडो प्रश्न विचारून ती 'मेकफाइल' नावाचा आराखडा लिहून ठेवते. अशा चौकशी-लिप्या तयार करणारे ऑटोकॉन्फ हे साधन डेव्हिड मॅकेन्झी ह्यांनी 1991 साली सुरू केले. त्यापूर्वी प्रत्येक जातीच्या यंत्रासाठी हाताने फेरफार करीत बसावे लागे.

तिसरी पायरी 'मेक'ची. हे साधन स्टुअर्ट फेल्डमन ह्यांनी बेल लॅब्जमध्ये 1976 साली घडविले. ते फायलींच्या वेळा पाहते आणि ज्या बदलल्या असतील तेवढ्याच पुन्हा कंपाइल करते. सी भाषेतील प्रत्येक फाइलीपासून एकेक यंत्रभाषेतील तुकडा तयार होतो व अखेरीस ते सर्व तुकडे सांधून लायब्ररी सिद्ध होते. त्यानंतर 'मेक चेक' ही आज्ञा देऊन लायब्ररीची परीक्षा घ्यावी. घाईच्या वेळी हीच पायरी गाळली जाते.

येथवरचे सारे काम साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात करावे. सर्वाधिकार हवा तो केवळ 'मेक इन्स्टॉल' ह्या चौथ्या पायरीला, कारण तेथे फायली प्रणालीच्या समाईक जागेत जाऊन बसतात. ही जागा सहसा 'युएसआर' ह्या मुख्य कप्प्यातील 'लोकल' असते, आणि तेच योग्य. प्रणालीने स्वतः ठेवलेल्या प्रतीवर आपली प्रत कधीही लादू नये. तिच्यावर विसंबून असलेले इतर प्रोग्रॅम एकाएकी कोलमडण्याचा संभव असतो. शेवटी 'एलडीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी, म्हणजे नव्या लायब्ररीची नोंद सांधणाऱ्या यंत्रणेच्या सूचीत होते. ती न दिल्यास, लायब्ररी डोळ्यांसमोर असूनही प्रोग्रॅम 'फाइल सापडत नाही' अशी तक्रार करतो आणि नवशिका गोंधळून जातो. आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. आपण बांधलेल्या प्रतीला सुरक्षेच्या सुधारणा आपोआप मिळत नाहीत. तिची काळजी ह्यापुढे आपणच वाहायची.

कृती येथे संपली. आता प्रश्न असा, की इतके सारे केल्यावर आपण निर्धास्त व्हावे काय?

ह्याचे उत्तर 2024 साली मिळाले. 29 मार्च रोजी आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याने जाहीर केले की एक्सझेडच्या 5.6.0 व 5.6.1 ह्या आवृत्त्यांत चोरवाट आहे. दूरस्थ यंत्रात प्रवेश करण्याच्या एसएसएच ह्या सेवेला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, एवढेच प्रथम त्यांच्या नजरेस आले होते. अर्ध्या सेकंदाकडे कोण लक्ष देतो? त्यांनी दिले, मुळाशी जाऊन शोध घेतला, आणि एक फार मोठा अनर्थ टळला. काही वितरणांतील एसएसएच सेवा आडमार्गाने ह्याच लायब्ररीला जोडलेली होती. विशिष्ट गुप्त किल्ली बाळगणाऱ्यास तेथून परक्या यंत्रावर वाटेल ती आज्ञा चालविता आली असती.

ही चोरवाट बसविली कशी, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. सर्वांना पाहता येणाऱ्या संहितेच्या भांडारात तिचा पूर्ण मागमूस नव्हता. परीक्षेसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडविलेल्या म्हणून दाखविलेल्या फायलींत तिचा ऐवज लपविलेला होता. आणि तो बाहेर काढणारी कळ केवळ प्रसिद्ध केलेल्या गठडीतच घातलेली होती. 'कॉन्फिगर' व 'मेक' चालू असताना ती कळ जागी होई, आणि वितरणासाठी संच बांधला जात आहे असे दिसले तरच काम करी. गठडीवर स्वाक्षरी होती व ती खरीही होती, कारण स्वाक्षरी करणाराच हे कृत्य करीत होता. वस्तू कोणी पाठविली हे स्वाक्षरी सांगते. आत काय आहे हे ती सांगत नाही.

हा मनुष्य जिया तान ह्या नावाने वावरत होता. 2021 च्या अखेरीपासून त्याने लहानमोठ्या उपयुक्त दुरुस्त्या पाठविल्या आणि हळूहळू विश्वास संपादन केला. मूळ कर्ते लासे कॉलिन हे काम विनावेतन, फावल्या वेळात सांभाळीत होते. मदतीचा हात पुढे आला तो त्यांनी स्वीकारला, ह्यात त्यांना दोष कसा द्यावा? ज्या लायब्ररीवर अगणित यंत्रे विसंबून होती तिचा भार एकट्या माणसाच्या खांद्यावर ठेवून आपण सर्व निश्चिंत राहिलो, हा दोष वापरणाऱ्यांचा आहे. पुढे कॉलिन ह्यांनीच ती घाण उपसून 29 मे 2024 रोजी 5.6.2 ही स्वच्छ आवृत्ती प्रसिद्ध केली.

ह्याहूनही खोल पाणी आहे. युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन ह्यांनी 1984 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्यूरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात दाखवून दिले होते की, मूळ संहिता निर्मळ असूनही कंपायलरच दूषित असेल तर तयार होणारा प्रोग्रॅम दूषित निघू शकतो. धान्य निवडले तरी गिरणीचे काय, असाच हा प्रश्न आहे.

मग सोर्स कोडपासून बांधण्यात अर्थ नाही, असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. चोरी पकडली गेली ती संहिता व बांधणीच्या लिप्या उघड्या होत्या म्हणूनच. संशय आलेल्या माणसास एकेक पडदा दूर सारून आत पाहता आले. बंद पेटीत ही सोय नसते. मात्र उघडे असणे निराळे आणि पाहिले जाणे निराळे. दार सताड उघडे असून आत कोणी डोकावतच नसेल, तर त्या उघडेपणाचा उपयोग काय?

म्हणून जे तरुण हा विद्याभ्यास करू इच्छितात त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. एखादी लहानशी लायब्ररी घ्या आणि ती आपल्या घरच्याच कप्प्यात बांधून पाहा. गठडीतील फायली व उघड्या भांडारातील फायली ताडून पाहा; फरक दिसला तर तो का आहे हे विचारा. पडद्यावरून सरकणाऱ्या ओळी निदान एकदा वाचा. चूक सापडली तर कर्त्यास सभ्यपणे कळवा. घाई करू नका, आणि त्याच्या श्रमांची जाण ठेवा. अशा शंभर डोळ्यांतील एखादाच डोळा कधी काळी अर्ध्या सेकंदाचा फरक टिपतो, आणि त्याच्या जागरूकतेवर इतरांची झोप सुरक्षित राहते.