स्मृतिभ्रंश, आनुवंशिकता आणि आपण
(२१ सप्टेंबर, जागतिक अल्झायमर दिनी रुग्णालयाच्या सभागृहात केलेले भाषण)



स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची मुले-मुली कागदपत्रांसाठी आमच्या कार्यालयात येतात, तेव्हा आवाज खाली आणून एक प्रश्न हमखास विचारतात : "साहेब, हे रक्तातून येतं का हो?" डॉक्टरांसमोर जो प्रश्न ओठांवर येत नाही, तो आमच्यासमोर येतो. त्यामागे स्वतःविषयीची भीती असते, तशी घरातील मुलींच्या लग्नाची चिंताही असते. याच धास्तीने काही कुटुंबे आजार लपवितात आणि उपचारांना विलंब होतो. आम्ही वाणिज्य शाखेचे. तथापि तज्ज्ञ डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली या आजाराचे प्रथम वर्णन केले. मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग नव्या आठवणी साठविण्याचे काम करतो. आजाराचा घाला बहुधा तेथे लवकर पडतो. म्हणूनच आजोबांना बालपणीची शाळा आठवते. पण सकाळचा चहा झाला की नाही, हे आठवत नाही.

जनुकांचा या आजाराशी संबंध दोन प्रकारचा आहे. पहिला अत्यंत विरळा. एपीपी, प्रेसेनिलिन-१ व प्रेसेनिलिन-२ यांपैकी एका जनुकात विशिष्ट दोष असल्यास आजार ऐन उमेदीच्या वयात आणि पिढ्यान्‌पिढ्या येतो. असे रुग्ण शेकडा एकाहूनही कमी असतात.

दुसरा संबंध अधिक सर्वसाधारण आहे. एकोणिसाव्या गुणसूत्रावरील एपीओई या जनुकाचे ई-२, ई-३ व ई-४ असे तीन प्रमुख प्रकार आहेत. आई व वडील यांच्याकडून प्रत्येकास त्याची एकेक प्रत मिळते. मेंदूत स्निग्ध पदार्थ वाहून नेणारे प्रथिन या जनुकामुळे तयार होते. ई-४ असल्यास अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा निचरा मंदावतो व ते मेंदूत साचते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९३ साली ई-४ चा या आजाराशी असलेला संबंध दाखवून दिला. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांनुसार ई-४ ची एक प्रत असल्यास धोका सुमारे तिप्पट, तर दोन असल्यास आठ ते बारा पट होतो. ई-२ मुळे तो घटतो. हरियाणातील बल्लभगड येथील अभ्यासातही ई-४ चा असाच संबंध आढळला. मात्र तेथील लोकांत ई-४ चे प्रमाण अमेरिकेतील तुलनेच्या गटाहून कमी होते.

परंतु धोका म्हणजे निदान नव्हे. ई-४ असूनही अनेकांची स्मृती अखेरपर्यंत शाबूत राहते, आणि ई-४ नसलेल्यांनाही हा आजार होतो. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर जनुके ही आरंभीची शिल्लक. वर्षअखेरचा ताळेबंद पुढील व्यवहारांवरही अवलंबून असतो. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने बदलता येण्याजोगी चौदा कारणे दिली आहेत. त्यांत रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणे, धूम्रपान, एकाकीपणा व अपुरे शिक्षण यांचा समावेश आहे. ही सर्व कारणे दूर झाली, तर जगातील स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबविता येतील, असा त्या आयोगाचा अंदाज आहे.

एका देणगीदारांनी रुग्णांच्या सर्व मुलांची जनुक तपासणी विनामूल्य करावी, असे सुचविले. त्यांच्या सद्भावनेचा आम्हांस आदर आहे. परंतु त्या अहवालातून केवळ शक्यता कळेल, आणि समुपदेशनावाचून तो हाती पडल्यास घरातील भीती मात्र वाढेल. म्हणून ही तपासणी तज्ज्ञांनी आवश्यक ठरविल्यास, समुपदेशनानंतरच व्हावी, असे आमचे मत आहे. तोच निधी रुग्णासोबत येणाऱ्या नातेवाइकांचा रक्तदाब, साखर व श्रवणशक्ती तपासण्यासाठी वापरावा, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे.

आणि कुटुंबीयांना एकच सांगणे : तो प्रश्न आवाज खाली आणून विचारू नका. विसरणे हा आपल्या माणसाचा दोष नाही, की घराण्यावरचा डाग नाही.